एकतीस वाटे

होडीतून उतरून गुडघाभर पाण्यात पाय टाकला आणि समोर बाबल्याच्या अंगणात जे दिसलं ते पाहून मी तिथेच थबकलो. माझ्या बर्फयंत्राचं मोठं लोखंडी चाक दोन दगडांवर आडवं टाकलं होतं. त्याच्या आऱ्यांमधून सुतळ्या ओवल्या होत्या आणि सुतळ्यांवर मासे वाळत होते.

"बाबल्या, हे काय आहे?"

"मासं," बाबल्या म्हणाला.

"मासे दिसतायत मला. खाली काय आहे?"

"चाक. माझ्या वाट्याला आलं." तो खुशीत होता. "बेस हाय. जड हाय ना, वाऱ्यानं हालत न्हाय."

वाटा हा शब्द ऐकला आणि मी पाणी उडवत त्याच्या अंगणात शिरलो. "किती वाटे केलेत?"

"नेहमीसारकं. एकतीस. तुजाबी हाय, तुज्या पडवीत ठेवलाय."

माझ्या वाट्याला बोल्टांची एक पेटी आली होती. दोन वर्षं मी घर सोडून राहिलो, यंत्र चालवायला शिकलो, थोरल्या बेटावरच्या मच्छीमार सहकारी संघाच्या दारी खेटे घालून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे त्यांनी त्यांचं जुनं बर्फयंत्र आमच्या बेटाला द्यायचं कबूल केलं होतं. आणि माझ्या माणसांनी ते माशांसारखं वाटून घेतलं होतं.

आमच्या बेटाचं सरकारी नाव सेंट ऑरेल. आम्ही त्याला धाकटं बेट म्हणतो, कारण दुकानं, दवाखाना आणि गव्हर्नर ज्या थोरल्या बेटावर आहेत ते बोटीने दीड दिवस लांब आहे. आमच्या पणज्यांना रत्नागिरीकडून थोरल्या बेटावर उसाच्या कामाला आणलं होतं. करार संपले तसे काही जण इकडे येऊन मासे मारायला लागले. राज्य इंग्रजांचं. मी सांगतोय ते दिवस असे होते की रेडिओ लावला की कुठेतरी झेंडा बदललेला असायचा. आमच्याकडेही त्या शुक्रवारी एक आंतरराष्ट्रीय समिती येणार होती. धाकट्या बेटाला आपला कारभार आपण करायचा आहे का, आणि करता येईल का, हे ती पाहणार होती.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. घोडं दुसऱ्यापाशी अडायचं. आमचे मासे टिकत नसत, म्हणून ते वाळवून कंपनीच्या बोटीला द्यावे लागत, आणि कंपनी देईल तो भाव घ्यावा लागे. बर्फ असता तर तेच मासे ताजे थोरल्या बेटाच्या बाजारात गेले असते. समितीपुढे मला बाकी काही मांडायचं नव्हतं. बर्फाची एक लादी ठेवायची आणि म्हणायचं, हे बघा, आमचं आम्ही पोट भरू शकतो. शुक्रवारी यंत्र चाललं नाही तर समिती परत जाणार, आणि तसली समिती आमच्यासारख्या बेटावर काही पुन्हा पुन्हा येत नाही.

मी तसाच ओल्या पायांनी तुळसाआत्याकडे गेलो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि बेटाची वाटपीण. आमच्याकडे किनाऱ्याला जे येईल त्याचे घरटी सारखे ढीग करतात. वाटपीण ढिगांकडे पाठ करून बसते. एक जण एकेका ढिगाला काठी लावून विचारतो, हा कुणाचा? ती न बघता एकेक नाव घेते. कुणाला डोकं आलं, कुणाला शेपूट, यावर कधी भांडण होत नाही, कारण जिने नाव घेतलं तिने ढीग पाहिलेलाच नसतो. माशांचं असं होतं, वाहून आलेल्या लाकडांचं होतं, फुटलेल्या जहाजाच्या पिंपांचं झालं होतं. ज्या मालाबरोबर माणूस नाही तो माल सगळ्यांचा.

"त्या पेट्यांबरोबर माणूस होता!" मी म्हणालो. "मी होतो! कप्तानाने पेट्या आधी पाठवल्या आणि मला मागच्या बोटीत घातलं."

"मंग पेट्यांबरोबर न्हवतास," आत्या म्हणाली. तिच्या गालात तंबाखू होती. "दोन रोज पडून व्हत्या. ऊन लागत व्हतं."

"आत्या, ते यंत्र आहे. त्याचे तुकडे करून काय उपयोग? सगळं एकत्र जोडलं तरच चालतं."

"ह्ये तू जायच्या आदी मला सांगितलं व्हतंस?"

नव्हतं सांगितलं. तिला बर्फ म्हणजे काय हे समजावण्यापेक्षा सहकारी संघाला पटवणं सोपं होतं. पण तिचा राग त्याचाच होता हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"बरं, आता सांगतो. ते सगळं परत हवंय. शुक्रवारच्या आत."

"दिल्याला वाटा काडून घेत न्हाईत. मला न्हाय तसा अधिकार, तुला न्हाय." तिने तंबाखू दुसऱ्या गालात सरकवली. "ज्येच्या त्येनं आपून होऊन ढिगात आनून टाकला तर टाकला. समद्यांनी टाकला तर त्यो पुन्यांदा ढीग. मंग बगू."

"आणि एका घराने नाही म्हटलं तर?"

"तर न्हाय."

माझं डोकं तापलं. हा तिचा शहाणपणा की हट्ट, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आज माझे केस पिकले तरी खात्रीने सांगता येत नाही.

पुढचे दोन दिवस मी घरोघर हिंडलो आणि माझ्या नाकी नऊ आले. काशीवहिनीच्या वाट्याला गारवा धरून ठेवणारे बुचाचे जाड तक्ते आले होते. त्यावर तिचं तान्हं निजवलं होतं.

"वहिनी, ते तक्ते लागणार आहेत मला."

"निजलंय ना ते! किती दिसांनी निजलंय. तुमी हळू बोला."

मी हळू बोलायला लागलो. बर्फ, बाजार, समिती, स्वराज्य, सगळं कुजबुजत सांगितलं. काशीवहिनीने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, चांगलंच हाय की. पन बाकीच्यांनी दिलं का?"

"अजून नाही."

"मंग त्यांनी दिलं की सांगा."

प्रत्येक घरात हेच. कुणीही नाही म्हणत नव्हतं, तीच तर पंचाईत. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. पण सगळेच माना डोलावत होते आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवत होते. बाबल्याला चाक द्यायला हरकत नव्हती, फक्त मासे वाळेपर्यंत थांबायचं होतं. एका म्हाताऱ्याने नळ्या आपल्या परसात पुरून ठेवल्या होत्या, का ते तोही सांगू शकला नाही. एकाने इंजिनाचा पंप होडीला बसवून पाहिला होता आणि होडी बुडवली होती, त्यामुळे तो माझ्यावरच चिडलेला होता. बुधवारी संध्याकाळी माझ्याजवळ एकूण जमा काय, तर माझीच बोल्टांची पेटी.

त्या संध्याकाळी टेकडीवरच्या बंगल्यातून बोलावणं आलं. तिथे हॅलमसाहेब राहत. बेटावरचा सगळा सरकारी कारभार त्यांच्या हाती होता. माणूस दुष्ट नव्हता. वाळू तुडवत खाली फारसा येत नसे, आवाज कधी चढवत नसे, आणि आपल्याशिवाय आम्ही आठवडाभरही तगणार नाही याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"सखाराम, बसा," ते इंग्रजीत म्हणाले. "तुमच्या यंत्राचं ऐकलं. मला हसू आलं, माफ करा. पण तुमची अडचण मला समजते."

मी बसलो. खुर्चीची गादी इतकी मऊ होती की उठून जावंसं वाटेना.

"शुक्रवारपर्यंत ते चालायला हवं, हो ना? मी शिपाई पाठवतो. तासाभरात सगळे तुकडे गोळा होतील. यंत्र मात्र सरकारी मालमत्ता म्हणून नोंदवावं लागेल, नाहीतर शिपाई कुठल्या हक्काने कुणाच्या घरात शिरणार? चालवायला कंपनी तयार आहे. मॅनेजर तुम्हीच. समितीला बर्फ दिसेल, तुमच्या लोकांना काम मिळेल. तुम्ही फक्त हो म्हणा."

खरं सांगतो, माझ्या ओठांवर हो आलं होतं. दोन दिवस ज्यांच्या दारात मी घसा फोडत होतो त्यांचा मला इतका वीट आला होता, की शिपायाने म्हाताऱ्याचं परस उकरलेलं पाहायला मला बरंच वाटलं असतं. बर्फ तर बर्फ, कुणाचा का असेना. आणि साहेब म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. यंत्र चाललं असतं.

तेवढ्यात माझं लक्ष टेबलावर गेलं. कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर पितळेचा एक व्हॉल्व्ह ठेवला होता. मुठीएवढा. ज्यातून दाबलेला वायू सुटतो आणि गार होतो तोच. तो नसेल तर बाकीचं सगळं यंत्र म्हणजे नुसतं मोडीचं लोखंड.

"हे तुमच्याकडे कसं?"

"हे?" साहेबांनी तो उचलून हातात खेळवला. "माझा वाटा म्हणे. आचाऱ्याकडे आणून दिला कुणीतरी."

एकतीस वाटे. तीस घरं आमची, आणि एकतिसावं घर बंगला. हे मी विसरलोच होतो. माशांचा वाटाही रोज टेकडी चढून बंगल्यावर जात असे, आमच्या आज्यांच्या वेळेपासून.

"साहेब, तो मला द्या."

"देईन की. शिपायाचं ठरू दे, सर्वांत आधी माझाच तुकडा घ्या." ते हसले. "नाहीतर तुमचाच नियम आहे ना, दिलेला वाटा परत घेत नाहीत? मी नियम पाळतोय."

मी उठलो. हो म्हणालो नाही. मोठा बाणा होता म्हणून नव्हे. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली म्हणून. टेकडी उतरताना मी आत्याला, बाबल्याला, साहेबाला आणि सहकारी संघालाही मोठमोठ्याने शिव्या घालत होतो.

खाली बाबल्या मासे गोळा करत होता. त्याने विचारलं, "काय झालं रं?"

"काय व्हायचंय! यंत्राचं काळीज बंगल्यावर आहे, आणि साहेब म्हणतो देत नाही."

"देत न्हाय म्हंजे?"

"नाही म्हणतो. म्हणतो, माझा वाटा आहे, मी ठेवून घेणार."

बाबल्याच्या हातातले मासे तसेच राहिले. "असं बोलला? देनार न्हाय बोलला?"

मग जे झालं त्याने मला बरं वाटायला हवं होतं, पण मी आणखीच वैतागलो. ज्या माणसांना बर्फासाठी, बाजारासाठी, स्वराज्यासाठी दोन दिवस हात जोडून काही हललं नव्हतं, ती 'बंगला नाही म्हणतो' एवढं ऐकल्यावर पेटून उठली. काळोख पडायच्या आत बाबल्याने चाक गडगडत किनाऱ्याला आणलं. काशीवहिनी एका काखेत पोर आणि डोक्यावर तक्ते घेऊन आली. म्हाताऱ्याने नळ्या उकरल्या आणि त्यांची माती झटकत, तोंडाने साहेबाचा उद्धार करत, स्वतः वाहून आणल्या. बुडलेल्या होडीवाल्याने पंपही आणला. मी माझी पेटी ठेवली. ढीग माणसाच्या उंचीचा झाला. एक व्हॉल्व्ह तेवढा नव्हता.

"आता?" मी आत्याला विचारलं.

"एक घर ऱ्हायलं," ती म्हणाली आणि जेवायला गेली.

शुक्रवारी समिती आली. दोन पुरुष आणि अध्यक्षपदी एक बाई. बाई आफ्रिकेतल्या एका देशाच्या होत्या, आणि तो देश स्वतःच नुकता स्वतंत्र झाला होता, त्यामुळे माझ्या मनात फार आशा होती. हॅलमसाहेब पांढऱ्या पोशाखात त्यांना किनाऱ्यावर घेऊन आले.

"बर्फाचा कारखाना कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

मी ढीग दाखवला.

"हा चालतो?"

"नाही. एक भाग कमी आहे. तो साहेबांकडे आहे." मला वाटलं, आता साहेबांची चांगली जिरेल.

साहेबांनी शांतपणे सगळं सांगितलं. सांगण्यात काही खोटं नव्हतं, हे त्यातलं सर्वांत वाईट. "या लोकांनी यंत्र घराघरांत वाटून घेतलं, मॅडम. चाकावर मासे वाळत होते. एक तुकडा त्यांनीच माझ्या स्वयंपाकघरात पोचवला. यंत्राची नीट व्यवस्था लागेपर्यंत मी तो सांभाळून ठेवलाय, इतकंच."

समितीतला एक जण हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात कीव होती, आणि मला वाटलं धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात होड्या आल्या. मासे वाळूवर पडले, पोरीबाळींनी ढीग केले, आणि आत्याने समितीकडे ढुंकूनही न पाहता आपली चटई पसरली आणि ढिगांकडे पाठ करून बसली.

"सख्या, काठी घे."

"आत्या, आत्ता? हे लोक—"

"मासं थांबतील व्हय त्यांच्यासाटी?"

मी काठी घेतली. समिती बघत उभी राहिली. मी पहिल्या ढिगाला काठी लावली. "हा कुणाचा?"

"काशीचा."

"हा कुणाचा?"

"बाबल्याचा."

असं चाललं. ज्याचं नाव येई तो पुढे होऊन आपला ढीग उचली. शेवटी एक ढीग उरला. बंगल्याचा आचारी टोपली घेऊन नेहमीच्या जागी उभा होता. मी काठी लावली आणि विचारलं, "हा कुणाचा?"

नाव आलं नाही.

"आत्या, एक राहिलाय."

"ठावं हाय मला."

"मग कुणाचा?"

"पाव्हन्याचा," ती म्हणाली. "बंगल्यात ऱ्हातो त्याचा. आज खाऊ दे. कालपातूर घरचा व्हता, आता घरचा न्हाय."

आचाऱ्याने टोपली खाली ठेवली. बाईंनी मला विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, असं का? मी तो प्रश्न आत्याला विचारला. ती पाठमोरीच बोलली.

"तीस घरांनी आपला वाटा पुन्यांदा ढिगात घातला. त्येनं घातला न्हाय. जो घालीत न्हाय त्येचं नाव घेत न्हाय. आजवर कुनाचं गाळायची येळ आली नव्हती."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई हॅलमसाहेबांकडे वळल्या. "तुमचं नाव इथे किती वर्षं घेतलं जात होतं?"

"नऊ," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला वाटायचं, मासे ते साहेबाला भेट म्हणून पाठवतात."

त्या माणसाचा इतका राग आलेला असूनही त्या क्षणी मला त्याचं वाईट वाटलं. नऊ वर्षं तो या बेटाचा मालक म्हणून वावरला आणि नऊ वर्षं बेट त्याला आपल्यातलं एक घर धरून चाललं होतं, हे त्याला ते घर गेल्यावर कळलं.

साहेबांनी आचाऱ्याच्या कानात काही सांगितलं. आचारी टेकडीवर गेला आणि व्हॉल्व्ह घेऊन आला. साहेबांनी तो त्याच्या हातून घेतला, वाळूतून बूट रुतवत चालत गेले आणि स्वतः ढिगावर ठेवला.

"पोचला?" आत्याने विचारलं.

"पोचला," मी म्हणालो.

"मंग लाव काठी."

ढीग पुरा झाला होता, पण वाटपीण त्याचे पुन्हा घरटी तुकडे करू शकत होती. रीत तीच होती, आणि समितीसमोर तिला अडवणं म्हणजे माझ्या हाताने सगळ्यावर पाणी फिरवणं. मी काठी लोखंडाला टेकवली.

"हा कुणाचा?"

"बाबल्याचा," ती म्हणाली.

बाबल्या पुढे झाला. मी काठी उचलणार, एवढ्यात तिने हात वर केला. "हलवू नगंस. बाबल्याचा, काशीचा, म्हादूचा, शेवंतीचा..." ती थांबलीच नाही. काठी एकाच ढिगावर आणि नावं एकामागून एक. बाबल्या अर्ध्यात उभा राहून इकडेतिकडे बघत राहिला. काशीवहिनी त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली, मग म्हादू, मग शेवंती. एका ढिगाला इतकी नावं आमच्या बेटावर कुणी कधी घेतली नव्हती. सगळ्यांत शेवटी "सख्याचा" म्हणून ती गप्प बसली.

मी मनातल्या मनात मोजलं. तीस.

हॅलमसाहेब ढिगाजवळच उभे होते. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग आमच्या बोलीत, अडखळत, म्हणाले, "आनि बंगला?" नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून आमचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आत्या उठली. गुडघे धरून उठली, चटई झटकली आणि वळून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"बर्फ झाला की धाडू तुला. पाव्हन्याला देतातच. पन वाटा आता न्हाय."

साहेबांनी मान खाली घातली. त्यांना समजलं होतं. समितीच्या बाई वही मिटून माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

मी भाषांतर केलं. इतकं सावकाश मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.